पटदीपाची शिकवणी

त्याचे असे झाले. गेल्या श्रावणात आमच्या जावयांनी एका चित्रपट मंडळाच्या खेळाची दोन तिकिटे आणून दिली. चित्रपट सत्यजित राय यांचा, १९५५ सालचा ‘पथेर पांचाली’. बंगाली आम्हां उभयतांना येत नाही, तरी गेलो.

शेवटाकडे एक प्रसंग आहे. हरिहर पुष्कळ दिवसांनी घरी येतो. आणलेल्या वस्तू बायकोपुढे ठेवता ठेवता दुर्गेसाठी घेतलेली साडी दाखवतो. पोर गेली, हे त्याला ठाऊक नाही. त्या माउलीचा बांध फुटतो. पण तिचे रडणे आपल्याला ऐकूच येत नाही. त्या जागी वाजते तारशहनाई, वरच्या सप्तकात. (नाव शहनाई असले तरी वाद्य गजाचे, इसराजाला ग्रामोफोनसारखा कर्णा बसवलेला.) संगीत रविशंकरांचे, एका रात्रीत पार पाडलेले! सौभाग्यवती पदराने डोळे पुसत होत्या. मला मात्र रडण्याबरोबर शरमही वाटली.

कारण मी स्वतःला संगीतकार म्हणवतो. बँकेची नोकरी सांभाळून तीस वर्षे हौशी नाटकांना चाली दिल्या. राग कोणता, असे कोणी विचारलेच तर ‘मिश्र’ म्हणून सुटायचे. गाण्याची शिकवणी दहावीच्या वर्षी सुटली, ती सुटलीच.

घरी येऊन पेटी उघडली. कोमल गंधार लगेच मिळाला. भीमपलासी समजून पुढे गेलो, तर निषाद शुद्ध निघाला. म्हणजे पटदीप! ‘संन्यस्त खड्ग’ नाटकातले दीनानाथांचे गाजलेले पद याच रागातले, लहानपणापासून ऐकलेले. सूर सगळे सापडले, रडणे काही सापडेना. पेटीची पट्टी प्रत्येक सूर सुटा देते. एका सुरावरून दुसऱ्यावर ओघळत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही. आणि माझ्या गळ्यातून तरी कुठे निघत होती?

आठ दिवसांनी पेठेतल्या एका गानशिक्षिकेकडे गेलो. बाई माझ्या लेकीच्या वयाच्या.

“काका, नातीसाठी चौकशी का?”

“नाही हो, मलाच शिकायचंय. पटदीप.”

“पटदीप मागाहून. आधी षड्ज लावा बघू.”

लावला. शेजारी बसलेली आठ वर्षांची चिमुरडी फिसकन हसली. बाई हसल्या नाहीत. “किंचित उतरलाय,” एवढेच म्हणाल्या. तीस वर्षांत हे मला कोणी सांगितले नव्हते!

परवा नाटकवाल्या मंडळींचा निरोप आला : लेकरू गमावलेल्या आईच्या प्रवेशाला दोन दिवसांत गाण्याची चाल हवी. पूर्वी एका संध्याकाळी देऊन मोकळा झालो असतो. या खेपेला कळवले, तिथे गाणे नकोच, सारंगीवाला शोधा. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.