अंगणातल्या कोंबड्या आणि शेजाऱ्याची कुत्री
हिशेब नुकसानीचा, मार्ग शेजारधर्माचा

व्यापार म्हटला की डोळ्यांसमोर दुकान, गादी, वखार किंवा कारखाना उभा राहतो. परंतु आम्हा कापडवाल्यांचा ज्या घरांशी रोजचा संबंध येतो, त्यांपैकी कितीतरी घरांत आणखी एक कारोबार चालतो. त्याला पाटी नाही, वहीखाते नाही. तो घरामागच्या अंगणात चालतो आणि बहुधा घरातील स्त्रीच तो चालविते. दहा-बारा कोंबड्या, एक कोंबडा, एक खुराडे. खाद्य म्हणजे तांदळाच्या कण्या, शिळी भाकरी आणि अंगणातले किडे. भांडवल थोडे, पण आमदनी हातात रोख येणारी. २०१६ च्या नोटाबंदीनंतर आणि पुन्हा २०२० च्या टाळेबंदीत मालेगाव-भिवंडीकडचे यंत्रमाग थंडावले, मजुरी थांबली, तेव्हा मीठ-मिरचीचा खर्च अंड्यांवर भागविणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

हा कारोबार लहान समजू नये. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात परसातील कोंबड्या-बदके मिळून सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी मोजले गेले. २०१२ च्या गणनेपेक्षा ही वाढ जवळजवळ ४६ टक्के होती. सरकारी संस्थांनीही परसासाठी वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराजा अशा जाती तयार केल्या आहेत. मानमोडीसारख्या रोगावर लस मिळते. परंतु एक संकट असे आहे की ज्यावर लस नाही, आणि ज्याच्यामुळे कोंबड्यांबरोबर शेजारही जातो. ते संकट म्हणजे शेजाऱ्याची मोकाट सोडलेली कुत्री. आज त्याविषयी दोन शब्द लिहावेत असे वाटते.

नुकसान नेमके किती?

कुत्र्याने कोंबडी मारली की लोक कोंबडीची बाजारातील किंमत सांगतात. व्यापाऱ्याच्या नजरेने हा हिशेब अपुरा आहे. समजा, बारा कोंबड्या आहेत आणि त्यांपैकी सहा एका दुपारी मेल्या. एका गावठी कोंबडीची किंमत ४०० रुपये धरली तर २,४०० रुपये झाले. पण नवे पिल्लू अंड्यावर यायला सहा महिने लागतात. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० अंडी देते असे धरले, तर सहा महिन्यांत सहा कोंबड्यांची १८० अंडी बुडाली. अंड्याला १२ रुपये धरले तर ते २,१६० रुपये होतात. म्हणजे एकूण ४,५६० रुपये, जवळपास दुप्पट. त्यात एखादी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली असेल, तर तिच्या एकवीस दिवसांची मेहनत आणि होणारी पिल्ले वेगळीच. शिवाय वाचलेल्या कोंबड्या भेदरतात आणि काही दिवस अंडी देत नाहीत.

आणखी एक गोष्ट. कुत्र्याने मारलेली कोंबडी आपल्या घरात खाल्ली जात नाही, आणि जे आपण खात नाही ते दुसऱ्याच्या गळ्यात मारणे व्यापाराच्या इमानाला शोभत नाही. म्हणून हे नुकसान सोळा आणे नुकसान आहे, त्यातून काही वसूल होत नाही. मेलेले पक्षी खोल खड्ड्यात पुरावेत. उकिरड्यावर टाकल्यास तेच कुत्रे पुन्हा येते आणि सोबत आणखी दोन घेऊन येते.

आधी गुन्हेगार ओळखा

शेजाऱ्याच्या दारात जाण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. कोंबडी कोणी मारली हे बहुतेक वेळा मेलेल्या कोंबडीवरून समजते. कुत्रा पोटासाठी कमी आणि खेळासाठी जास्त मारतो. कोंबडी फडफडली, पळाली की तो मागे लागतो. एक पडली की दुसरीकडे वळतो. म्हणून अंगणभर पिसे, इकडेतिकडे पडलेल्या चार-सहा कोंबड्या, पाठीवर आणि मांडीवर चावे, पण मांस फारसे खाल्लेले नाही, अशी स्थिती असेल तर ते काम बहुधा कुत्र्याचे. मांजर किंवा बोका एखादे पिल्लू उचलून गुपचूप जातो. मुंगूस लहानशा फटीतून शिरते आणि मान-डोके पकडते. घार दिवसाढवळ्या वरून झडप घालते.

मुंगसाचा दोष शेजाऱ्याच्या कुत्र्यावर गेला तर नुकसान तुमचे झालेले असते आणि माफी मागण्याची पाळीही तुमच्यावरच येते. म्हणून तारीख, वेळ, किती कोंबड्या गेल्या आणि कोणी पाहिले हे लिहून ठेवावे. आता बहुतेकांच्या हातात मोबाईल आहे, त्यावर दोन फोटो घ्यावेत.

कुत्रा कोंबड्यांवर तुटून पडला असता हाताने सोडवायला जाऊ नये. पाणी ओतावे, पत्रा वाजवावा, लांब काठीने हुसकावे. चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. कोंबडी पुन्हा मिळते.

जाळी कशी घ्यावी

कापड घेताना आम्ही पन्हा आणि पोत पाहतो. जाळी घेताना तारेची जाडी आणि घराचा आकार पाहावा. बाजारात स्वस्त मिळणारी पातळ तारेची षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवण्यापुरती ठीक आहे. कुत्र्याला बाहेर ठेवण्याचे काम तिचे नव्हे. जोर लावला की ती फाटते. सांधे जोडलेली वेल्डमेश जाळी घ्यावी. तिची घरे एक इंचाहून मोठी नसावीत. खुराड्याच्या खिडकीला तर अर्ध्या इंचाचीच लावावी, म्हणजे मुंगूसही थांबते.

उंची सहा फूट असावी. परंतु बरेच लोक उंचीवर खर्च करतात आणि पायथा विसरतात. कुत्रा उडी मारण्याआधी उकरून पाहतो, तेही अगदी जाळीला लागून. म्हणून जाळीच्या पायथ्याशी बाहेरच्या बाजूला दोन फूट रुंदीची जाळी जमिनीवर आडवी पसरून उभ्या जाळीला तारेने बांधावी आणि वर माती-दगड टाकावेत. कुत्र्याचा पंजा तिथे अडतो. दोन फूट मागे सरून उकरावे एवढे त्याला सुचत नाही.

रात्रीचे खुराडे पक्के हवे. एका कोंबडीला दोन चौरस फूट जागा धरली तर बारा कोंबड्यांना चार फूट बाय सहा फूट पुरते. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, वर पत्रा, आत बसायला आडवी काठी आणि दाराला कडी-कोयंडा. नुसती दोरी नको, दोरी कुत्रा ओढतो. नुसत्या डालग्याखाली झाकलेल्या कोंबड्या कुत्र्यासमोर उघड्याच समजाव्यात, कारण डालगे नाकाने ढकलले की उलटते.

दिवसासाठी दहा फूट बाय दहा फुटांचे जाळीबंद आवार केले तर जाळी, अँगल, पत्रा आणि मजुरी मिळून नऊ हजार रुपये धरू. सहा वर्षे टिकले तर वर्षाला १,५०० रुपये, बारा कोंबड्यांवर वाटल्यास कोंबडीमागे वर्षाला १२५. म्हणजे महिन्याला एका कोंबडीमागे एका अंड्याहूनही कमी. आमच्या धंद्यात इतक्या स्वस्तात मालाची हिफाजत होत नाही. एवढी ऐपत नसेल त्यांनी निदान खुराडे पक्के करावे आणि आवाराला बाभळीच्या काट्यांचे दाट कुंपण घालावे. ते दरवर्षी नवे करावे लागते, पण काम भागते.

कायदा कुठपर्यंत?

कोर्टात खेचतो, पोलिसांत देतो, हे शब्द भांडणात सहज निघतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. १८७१ च्या कायद्याने कोंडवाडे आले ते गुराढोरांसाठी. कुत्रा त्यात येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये जनावर सांभाळण्यात हयगय करणाऱ्याला शिक्षा आहे. पण ते कलम माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीच्या धोक्याविषयी आहे, कोंबडीविषयी नाही. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करता येतो. मात्र साडेचार हजारांच्या दाव्यासाठी किती तारखा आणि किती मजुरी बुडवायची, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

याउलट रागाच्या भरात कुत्र्याला विष घातले, तर त्याच संहितेच्या कलम ३२५ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे फिर्यादी होता होता माणूस आरोपी होतो. शिवाय टाकलेले विष कुत्राच खाईल याची हमी नाही. शेजारची शेळी, आपलीच कोंबडी किंवा खेळणारे मूलही त्याला बळी पडू शकते.

एक प्रकरण

मालेगावच्या वेशीबाहेर आमच्या ओळखीच्या एका विणकराचे घर आहे. त्याच्या पत्नीच्या चौदा कोंबड्या होत्या. अंड्यांचे पैसे ती मुलीच्या शाळेच्या फीसाठी बाजूला ठेवीत असे. शेजारी कांदा उत्पादक शेतकरी. त्याची कांद्याची चाळ आणि राखणीला दोन कुत्री. एका दुपारी कुत्र्यांनी नऊ कोंबड्या मारल्या. बोलाचाली झाली, दोन्ही घरांचे येणेजाणे बंद झाले. कोणी काठीची भाषा केली, कोणी विषाची. दोन्ही घरे आमची गिऱ्हाइके असल्यामुळे आम्हाला मध्ये बोलावण्यात आले.

शेतकऱ्याचे म्हणणे सरळ होते : “शेठ, कुत्री बांधून ठेवली तर चाळीचे काय? वर्षाचा माल आहे तिथे.”

त्याचेही खोटे नव्हते. जशी तिची कोंबडी भांडवल, तसा त्याचा कुत्रा राखणदार. आम्ही विचारले, “दादा, चाळीवर चोर केव्हा येतो?”

“रात्रीच येणार.”

“आणि कोंबड्या बाहेर केव्हा असतात?”

तो थोडा थांबला आणि म्हणाला, “दिवसा.”

तेव्हा आम्ही म्हणालो की आपल्या गावात एकाच मागावर दोन कारागीर दोन पाळ्यांत काम करतात आणि त्यांचे भांडण होत नाही. मग एकाच जमिनीवर कोंबडी आणि कुत्रा का नाही? दिवसपाळी कोंबडीची, रातपाळी कुत्र्याची. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत कुत्री साखळीला, सावलीत, पाण्याजवळ. मगरीबपूर्वी कोंबड्या खुराड्यात आणि कडी लावलेली. त्यानंतरच कुत्री सुटतील.

विणकराच्या पत्नीने आतून सांगितले, “चाचा, पैशाचे राहू द्या. कुत्री तेवढी दिवसा आवरायला सांगा.” पण पैशाचे राहू देणे आम्हाला मान्य नव्हते. नुकसान झाले आहे, ते मोजले गेलेच पाहिजे. नाहीतर मनात राहते आणि पुढच्या वेळी दुप्पट होऊन बाहेर पडते. नऊ कोंबड्यांपैकी चार जुन्या होत्या, पाच ऐन अंड्यावरच्या. जुन्यांचा दर वेगळा, अंड्यावरच्यांचा वेगळा, असा हिशेब झाला. शेतकऱ्याने अर्धे रोख दिले आणि अर्ध्यात सहा तलंगा आणून दिल्या. पुढे दिवसा कुत्रा सुटून नुकसान झाले तर कोंबडीमागे किती, हेही त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहिले. आणि रात्री खुराडे उघडे राहिले तर नुकसान कोंबडीवालीचे, हेही लिहिले. तिच्या कोंबड्या त्याच्या मेथीच्या वाफ्यात शिरत, ती तक्रारही मिटली. तिने जाळी लावून घेतली आणि अँगल शेतकऱ्याने आपल्या जुन्या सामानातून दिले.

पहिल्या महिन्यात एकदा कुत्रा सुटला, एक कोंबडी गेली. कोणी आवाज चढविला नाही. चिठ्ठीवरचा दर संध्याकाळपर्यंत घरपोच आला.

वाचकांसाठी थोडक्यात

दर आधी ठरला की भांडण अर्धे मिटते, हे आम्ही कापडाच्या बाजारात शिकलो. अंगणातही तेच खरे आहे. कोंबड्या पाळणाऱ्याने पहिली कोंबडी आणण्याआधीच शेजाऱ्याशी बोलून घ्यावे. तिथे बोलणी जमली नाहीत तर मोहल्ल्यातील वडीलधारे आहेत, सरपंच आहेत. २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावोगावी समित्या नेमल्या; त्या जिथे काम करीत आहेत तिथे असे प्रकरण त्यांच्यापुढे ठेवावे. कुत्रा पाळणाऱ्यानेही समजून घ्यावे की साखळीचा खर्च नऊ कोंबड्यांपेक्षा कमी आहे, आणि ज्या घरात मजुरी थांबलेली असते तिथे एक कोंबडी म्हणजे आठवड्याचे तेल-मीठ असते.

जाळी आपण आपल्या पैशाने घ्यावी, वेळ शेजाऱ्याशी वाटून घ्यावी आणि नुकसानीचा हिशेब त्याच दिवशी करावा. या तीन गोष्टी सांभाळल्या तर अंगणातला हा कारोबार चालत राहील, आणि शेजारीही शेजारी राहील.