जोहार म्हणणाऱ्यालाही विहाराचे दार उघडे हवे

जव्हार-मोखाडा म्हटले की वृत्तपत्रांना कुपोषण आठवते. १९९२ साली वावर-वांगणीत बालके दगावली, तेव्हापासून हे समीकरण पक्के झाले आहे. पण याच डोंगरातल्या वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी घरांतली मुले-मुली आश्रमशाळेतून बारावी होऊन नाशिक, ठाणे, मुंबईच्या महाविद्यालयांत पोहोचतात, याची बातमी कोण देतो? आणि तिथे त्यांना आपले कोण म्हणतो, हे तर कुणी विचारतच नाही.

आरक्षणाने वर्गात बाक मिळतो. डबा खाताना शेजारी बसवून घ्यावे, असा शासन निर्णय मात्र निघत नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी तरुणीने आत्महत्या केली. ज्येष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला. पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोहोचलेल्या मुलीची ही गत, तर मोखाड्याहून पहिल्यांदाच शहरात आलेल्या पोराचे काय?

मोखाड्याचा रस्ता त्र्यंबकमार्गे नाशिकला जातो. त्याच नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. वर्षानुवर्षे लढा देऊनही दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. पुढे त्यांनी स्वतःच दारे उभारली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले आणि परिसर झाला नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा ग्रीक राजा, नागसेन हा त्याला उत्तरे देणारा भिक्खू. गावकुसाबाहेरची पोरे तिथे राहिली, शिकली, लिहू लागली. तिथेच शिकवणाऱ्या प्रा. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले.

इथे एक क्रम ध्यानात घ्यावा. महाविद्यालय १९५० चे, नागपूरची धम्मदीक्षा १९५६ ची. बाबासाहेबांनी विद्यार्थ्याला आधी जागा दिली, धम्म नंतर दिला. तोही ‘ये आणि पाहा’ म्हणणारा, सक्ती न करणारा.

आज शहरोशहरी आपली विहारे आहेत, विद्यार्थी संघटना आहेत. आदिवासी विद्यार्थी १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपल्याबरोबर चालतो. पण एरवी? त्याचा हिरवा, वाघदेव, कणसरी, त्याच्या गावचा बोहाडा यांची आपणच टिंगल करणार असू, तर सवर्णांच्या हसण्यात आणि आपल्या हसण्यात फरक तो काय राहिला? तो ‘जोहार’ म्हणतो, तेव्हा आपल्यातल्या काहींच्या कपाळाला आठी पडते. त्याला कारण आहे. हा शब्द आपल्या वाडवडिलांना वाकून उच्चारावा लागे. तो टाकून आपण ‘जयभीम’ म्हणू लागलो. आदिवासींच्या चळवळीत मात्र तोच शब्द ताठ मानेचा अभिवादन आहे. आपली जखम खरी आहे आणि त्याचा अभिमानही खरा आहे. दोन्ही एका सतरंजीवर बसू शकतात.

काम साधे आहे. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि शहरांतल्या बांधकामांवर जातात. अशा वेळी सुट्टीत वसतिगृह बंद झाले, तर घराला कुलूप असलेल्या पोराने जायचे कुठे? विहाराच्या सभागृहात त्याला चार रात्री झोपता यावे, अभ्यासिकेची किल्ली मिळावी, वंदनेनंतरच्या चर्चेत त्याने आपल्या देवांबद्दल बोलावे आणि आपल्याला उलट प्रश्नही विचारावेत. दीक्षा घ्यायची की नाही, हे त्याचे तो ठरवील. नाही घेतली तरी त्याची जागा हलता कामा नये.

येत्या जूनमध्ये प्रवेश सुरू होतील. प्रत्येक विहार समितीने आपल्या भागातल्या आदिवासी वसतिगृहात एकदा जावे. वर्गणीचे पुस्तक घरी ठेवावे, निमंत्रण घेऊन जावे. बंद दारापुढे उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.