जुन्या नाण्यांची जपणूक

काही वर्षांपूर्वी सातवीतील एक मुलगा मोठ्या उत्साहाने माझ्याकडे आला. त्याच्या तळहातावर तांब्याचे एक जाडसर नाणे होते. "गुरुजी, ही पाहा शिवराई! आजोबांच्या पेटीत सापडली," तो म्हणाला. नाणे नुकत्याच घासलेल्या तांब्याप्रमाणे लखलखत होते. परंतु त्यावरचे एकही अक्षर मला धड वाचता येईना. मला दाखवावयाचे म्हणून त्याने आदल्या रात्री ते चिंच आणि राख लावून खसखसून घासले होते!

मुलांनो, शिवराई हे श्रीशिवछत्रपतींनी सुरू केलेले तांब्याचे नाणे. तिच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असतात. महाराजांच्या पश्चातही ती दीर्घकाळ पाडली जात होती. अक्षरांचे वळण आणि नाण्याचे वजन पाहून जाणकार तिचा काळ ठरवितात. अक्षरेच पुसली गेली, म्हणजे मागे राहतो तो तांब्याचा तुकडा.

जुन्या तांब्यावर तपकिरी किंवा गर्द हिरवी झाक दिसते. तिला मळ समजू नये. धातू आणि हवा यांच्या संयोगाने हा थर तयार होण्यास अनेक वर्षे लागतात, आणि तोच आतील धातूचे रक्षण करतो. चिंचेतील आम्ल हा थर विरघळवून टाकते, राखेचे कण उरलेल्या धातूवर ओरखडे काढतात. झिजलेल्या नाण्यावर अक्षरांचा उठाव मुळातच अत्यल्प असतो. तो अशा एका घासणीत नाहीसा होतो. म्हणून नाणे चकचकीत करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. माती लागलीच असेल, तर ऊर्ध्वपातित पाण्यात काही वेळ बुडवून ठेवावे आणि मऊ सुती कापडाने न चोळता अलगद टिपून घ्यावे.

मात्र हिरव्या रंगातही भेद आहे. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर निरुपद्रवी असतो. फिकट हिरव्या रंगाची, नखाने सहज निघणारी भुकटी दिसू लागली, तर ते दुखणे समजावे. नाण्यात शिरलेले क्षार आणि हवेतील ओलावा यांमुळे धातू आतून पोखरला जात असतो. असे नाणे इतरांपासून वेगळे करून कोरड्या जागी ठेवावे आणि वस्तुसंग्रहालयातील तज्ज्ञांस दाखवावे.

कोकणात किंवा मुंबईस राहणाऱ्यांनी पावसाळ्यात विशेष सावध असावे. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या लहान पुड्या ठेवल्या, की त्या ओलावा शोषून घेतात. डबा लाकडाचा नसावा. लाकडातून सूक्ष्म आम्लयुक्त वाफ निघत असते. सातवाहनांची कित्येक नाणी शिशाची आहेत. त्या वाफेने शिशाचा पांढरा चुरा होतो. दोन सहस्र वर्षे मातीत टिकलेले नाणे सुंदर नक्षीच्या पेटीत नासावे, हे केवढे दुर्दैव! चांदीचे वैर गंधकाशी. म्हणून चांदीच्या रुपयांस रबराचे बंध घालू नयेत व ते लोकरीच्या कापडात गुंडाळू नयेत. दोहोंत गंधक असते आणि त्यामुळे चांदी काळवंडते.

बाजारात मिळणाऱ्या मऊ, उग्र वासाच्या प्लास्टिकच्या पाकिटांनी कित्येक संग्रहांचा घात केला आहे. ते प्लास्टिक मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ मिसळलेला असतो. कालांतराने तो पाझरतो आणि नाण्यावर हिरवट, चिकट लेप चढतो. त्याऐवजी आम्लरहित कागदाची लहान पाकिटे वापरावीत, एका पाकिटात एकच नाणे ठेवावे. नाणे हाती घेताना ते केवळ कडांनी धरावे. बोटांच्या घामाचा ठसा धातूवर कायमचा उमटतो.

आरंभ करण्यास शिवराईच हवी असे नाही. १९४३ ते १९४७ या काळातील भोकाचा पैसा किंवा १९५७ मध्ये दशमान पद्धतीबरोबर आलेला 'नया पैसा' पुष्कळ घरांतून अजूनही सापडतो.

प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी ठेवावी: नाणे कोठे मिळाले, कोणाकडून, केव्हा, वजन किती. शेतात किंवा पाया खणताना नाण्यांचा साठा सापडल्यास मात्र तो आपसांत वाटून घेऊ नये. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते. साठा एकत्र राहिला, तरच कोणती नाणी एका वेळी चलनात होती हे अभ्यासकांस कळते.

त्या मुलास मी रागावलो नाही; त्याचा चेहरा आधीच उतरला होता. आम्ही दोघांनी शिवराई पाकिटात घातली आणि चिठ्ठी त्यानेच पेन्सिलीने लिहिली. पहिल्या ओळीत त्याने आजोबांचे नाव घातले. थोडा वेळ थांबून खाली लिहिले, "चिंचेने घासलेली."