धावपट्टीवर एका वेळी एकच

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात मोटारी तयार होतात, त्यांचे हजारो सुटे भाग तयार होतात. पण विमानतळ मात्र तेथे नाही. चाकण परिसरात तो व्हावा अशी चर्चा अनेक वर्षे चालली, आणि २०१६ साली चाकणऐवजी पुरंदरचे नाव पुढे आले. त्यामुळे या भागातल्या प्रवाशांना लोहगावच गाठावे लागते. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. तेथील सुमारे अडीच किलोमीटर लांबीची मुख्य धावपट्टी लढाऊ विमाने आणि प्रवासी विमाने अशी दोघेही वापरतात. विमानांचे नियंत्रणही हवाई दलच करते.

१५ फेब्रुवारी २०२० रोजी एअर इंडियाचे एअरबस ए-३२१ जातीचे विमान येथून दिल्लीला निघाले. धावपट्टीवर त्याचा वेग १२० नॉटच्या आसपास असताना समोर एक जीप आणि एक माणूस दिसल्याचे वैमानिकांनी नंतर कळवले. टक्कर टाळण्यासाठी त्यांनी नेहमीच्या वेळेआधीच विमानाचे नाक वर उचलले. विमान हवेत गेले आणि दिल्लीला सुखरूप उतरले. तपासणीत मात्र त्याच्या धडावर नुकसानीच्या खुणा आढळल्या.

थांबायचे सोडून वैमानिकांनी लवकर उडण्याचा मार्ग का घेतला असेल? थोडे गणित करून पाहू. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. म्हणजे १२० नॉट झाले ताशी सुमारे २२२ किलोमीटर, किंवा सेकंदाला सुमारे ६२ मीटर. अडथळा दिसून ब्रेक लागेपर्यंत दोन सेकंद गेले असे धरले, तरी तेवढ्यात विमान १२४ मीटर पुढे जाते. त्यानंतर वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद इतका कमी होत गेला असे मानू. वेगाच्या वर्गाला त्वरणाच्या दुपटीने भागण्याचे आपले सूत्र वापरले, तर थांबायला आणखी सुमारे ६४० मीटर लागतात. एकूण अंतर पाऊण किलोमीटरपेक्षा जास्त! जीप त्याहून जवळ असेल, तर ब्रेक दाबूनही टक्कर टळणार नाही.

आता ऊर्जा पाहू. विमानाचे वजन ७५ टन धरले, तर या वेगाला त्याची गतिज ऊर्जा सुमारे १४ कोटी ४० लाख ज्यूल होते. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या एक टनाच्या मोटारीची ऊर्जा असते सव्वा लाख ज्यूलपेक्षाही कमी. अशा जवळजवळ तेराशे मोटारींची ऊर्जा त्या एका विमानात साठलेली असते.

लवकर उडण्यातही धोका असतोच. पंखांना मिळणारा उद्धारक बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, विमानाने १४० नॉटला उडायचे होते. १२० नॉटला, पंखांचा कोन तोच ठेवला, तर त्या बलाच्या ७३ टक्केच बल मिळेल. उरलेली तूट भरून काढायला नाक अधिक उचलावे लागते. नाक वर गेले की शेपूट खाली येते, आणि ए-३२१ हे तर साडेचव्वेचाळीस मीटर लांबीचे विमान. म्हणून अशा वेळी शेपटाकडचा भाग जमिनीला घासण्याची भीती असते.

जीपच्या जागी दुसरे विमान असते तर काय झाले असते? २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर नेमके तसेच घडले. दुसऱ्या बेटावरील मोठ्या विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे तिकडची विमाने लॉस रोदेओस या लहान विमानतळावर वळवण्यात आली. धावपट्टीला समांतर जाणारा रस्ता उभ्या विमानांनी अडला. त्यामुळे उड्डाणासाठी टोकाकडे जाणारी विमाने धावपट्टीवरूनच चालवावी लागली. त्यात दाट धुके होते. एक जंबो विमान टोकाला जाऊन उलट वळून उभे होते आणि दुसरे त्याच पट्टीवरून त्याच्या दिशेने येत होते. पहिल्याच्या वैमानिकाने परवानगी मिळाली असे समजून वेग घेतला. टकरीत ५८३ माणसे दगावली.

त्या क्षणी रेडिओवर इशारा दिला गेला होता. पण नियंत्रक आणि दुसरे विमान एकाच वेळी बोलले. दोन तंबोऱ्यांच्या तारा जवळजवळ एकाच सुरात, पण किंचित वेगळ्या लागल्या, की आवाज कमी-जास्त होताना ऐकू येतो. तसेच दोन रेडिओलहरींच्या वारंवारितेत थोडा फरक असला, की त्या फरकाएवढ्या वारंवारितेची शिट्टी ऐकू येते. त्या शिट्टीत महत्त्वाचे शब्द हरवले.

या अपघातानंतर बोलण्याची शिस्त कडक झाली. 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचे. धावपट्टीवर जाण्याची किंवा तिच्याबाहेर थांबण्याची सूचना मिळाली, की वैमानिकाने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. नुसते 'ठीक आहे' चालत नाही. कारण 'ठीक आहे' म्हणणाऱ्याने नेमके काय ऐकले, ते त्यातून कळत नाही.

तरीही चुका थांबलेल्या नाहीत. ८ जून २०२४ रोजी मुंबईत एक विमान उडण्यासाठी धावत असतानाच दुसरे त्याच्या मागे त्याच धावपट्टीवर उतरले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

माणूस चुकणारच, हे आपल्या औद्योगिक पट्ट्यातल्या कामगाराला चांगले ठाऊक असते. म्हणून प्रेसवर दोन बटणे ठेवतात. दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, त्यामुळे हात साच्यात राहूच शकत नाही. काम लवकर उरकावे म्हणून जेथे ही सोय निकामी केली जाते, तेथे बोटे जातात. धावपट्टीच्या कडेची थांबण्याची रेषा, लाल दिव्यांची ओळ, परत म्हणून दाखवलेली सूचना, ही सगळी त्या दुसऱ्या बटणासारखीच आहेत. एकाची चूक दुसऱ्याकडे अडावी, एवढाच त्यांचा उद्देश.

वर्गात एक प्रयोग करता येईल. एका विद्यार्थ्याने पाच टप्प्यांची सूचना द्यावी आणि दुसऱ्याने फक्त 'हो' म्हणून ती पाळावी. मग तशीच नवी सूचना परत म्हणून दाखवून पाळायला सांगावी. दोन्ही वेळच्या चुका मोजाव्यात. कोणी चुकला तर त्याला हसू नये. चूक कोठे झाली ते त्यालाच सांगू द्यावे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विमान अपघाताच्या तपासाचा उद्देशही दोष कोणाला द्यायचा हे ठरवणे नसून पुढचा अपघात टाळणे हा असतो. थोडक्यात टळलेला अपघात म्हणजे जीव न गमावता मिळालेला धडा. पण चूक सांगणाऱ्याला शिक्षेची भीती वाटली, तर तो धडा कोणाच्याच हाती लागत नाही.