मोटारीच्या खिडकीतून दिसणारे विज्ञान

चेन्नईत पोटापाण्याच्या निमित्ताने स्थायिक झालेली मराठी कुटुंबे बरीच आहेत. सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय करणारी, मूळची सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातील माणसेही तेथे आढळतात. सुटीत अशी कुटुंबे स्वतःच्या मोटारीने गावाकडे निघतात. बंगळूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर असा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ धरून कऱ्हाडपर्यंत येण्यास सुमारे एक हजार किलोमीटर अंतर तोडावे लागते. मोठ्यांच्या दृष्टीने हा दोन दिवसांचा प्रवास होय. मुलांना मात्र तो संपता संपत नाही. शंभर किलोमीटर होण्याच्या आतच ‘आता किती राहिले?’ हा प्रश्न सुरू होतो, आणि पुढे भांडण, रडणे व ओकारी यांवर येऊन ठेपतो.

ही गोष्ट केवळ कंटाळ्याची नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. मागे रडणाऱ्या मुलाकडे चालकाने दोन सेकंद मान वळवली, तर गाडी ४४ मीटर अंतर जणू डोळे मिटून कापते. म्हणून मुलांचे मन रमविणे हा प्रवासाच्या सुरक्षिततेचाच एक भाग समजला पाहिजे. खेळ कोणताही असो, तो पट्टा बांधून, जागेवर बसूनच खेळावयाचा. चौदा वर्षांखालील मुलास सुरक्षापट्ट्याने अथवा मुलांसाठी असलेल्या खास आसनाने बांधून बसविणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने बंधनकारक केले आहे.

गाडी का लागते?

मुलास गप्प बसविण्यासाठी पुष्कळदा त्याच्या हाती चित्रांचे पुस्तक किंवा मोबाइल दिला जातो. थोड्याच वेळात त्याला मळमळू लागते. याचे कारण कानात आहे. आपल्या कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांत द्रव असतो. डोके वळले की या द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला वळण्याची वर्दी मिळते. शेजारीच असलेले सूक्ष्म खडे वेग वाढल्याची, कमी झाल्याची व शरीर कलल्याची सूचना देतात. मूल पुस्तकात पाहत असते तेव्हा त्याचे डोळे सांगतात, ‘सर्व काही स्थिर आहे’. कान सांगतात, ‘आपण हलत आहोत.’ या दोन साक्षी एकमेकींशी जुळेनाशा झाल्या की मळमळ सुरू होते, असे शास्त्रज्ञ मानतात. दोन ते बारा वर्षे वयाच्या मुलांना हा त्रास विशेष होतो. चालकाला गाडी सहसा लागत नाही, कारण त्याची नजर रस्त्यावर असते आणि पुढचे वळण त्याला आधीच ठाऊक असते.

यावरून एक सोपा नियम निघतो. मुलाची नजर गाडीबाहेर, शक्य तितकी दूर आणि समोर नेणारा खेळ हाच उत्तम खेळ. करमणूक आणि उपाय या दोन्ही गोष्टी त्यात एकदम साधतात. गावांच्या नावांच्या भेंड्या, कोडी व गोष्टी यांनाही पुस्तकाची गरज नसते. परंतु खिडकीबाहेर त्याहून मोठे भांडार उघडे असते.

दगड आणि घड्याळ

राष्ट्रीय महामार्गावरील किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असतो. राज्य महामार्गावरील दगडाचा हिरवा. एका मुलाने दगड दिसताच ‘आला!’ म्हणावे व दुसऱ्याने घड्याळावर सेकंद मोजावेत. पुढच्या दगडापर्यंत ६० सेकंद लागले तर वेग ताशी ६० किलोमीटर. ४५ सेकंद लागले तर ८०. सूत्र इतकेच की, ३६०० या संख्येस सेकंदांनी भागावे. आलेले उत्तर चालकाजवळच्या वेगदर्शक काट्याशी ताडून पाहावे. ‘किती राहिले?’ या प्रश्नाचे उत्तरही मग मुले स्वतःच काढू लागतात.

पळणारी झाडे, चालणारे डोंगर

रस्त्याकडेची झाडे मागे पळतात आणि दूरचा डोंगर मात्र बरोबर येतो, हे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. समजा, गाडीचा वेग सेकंदाला २० मीटर आहे. रस्त्यापासून २० मीटरवर असलेले झाड ऐन बाजूला आल्यापासून एका सेकंदात त्याची दिशा ४५ अंशांनी बदलते. दहा किलोमीटरवरील डोंगराची दिशा तेवढ्याच वेळात एका अंशाच्या सुमारे नवव्या भागाइतकीच बदलते. चंद्र तर सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर; म्हणून तो रात्रभर आपल्या मागोमाग येत असल्याचा भास होतो.

दिशा किती बदलली यावरून अंतर काढता येते, ही फार मोलाची गोष्ट आहे. चेन्नईच्या दक्षिण भागातील सेंट थॉमस माउंट या टेकडीजवळ विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ साली सुमारे साडेसात मैल लांबीची पायारेषा साखळीने मोजली. तिच्या आधाराने, केवळ कोन मोजत, त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत हिंदुस्थानचे महासर्वेक्षण पुढे हिमालयापर्यंत गेले. लॅम्ब्टन १८२३ साली महाराष्ट्रातील हिंगणघाट येथे मरण पावला, तेव्हाही तो याच कामावर होता. मुलांना हीच युक्ती मुक्कामाच्या जागी करता येईल. हात लांब करून अंगठा उभा धरावा व एकेक डोळा आळीपाळीने मिटावा. दूरच्या घरांसमोर अंगठा जेवढे अंतर उडी मारील, त्याच्या सुमारे दसपट अंतरावर ती घरे असतात.

फुगणारी पुडी, वाहणारे पाणी

चेन्नई समुद्रकाठी, तर बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. या चढावर हवेचा दाब सुमारे एकदशांशाने उतरतो. चेन्नईत भरलेली वेफर्सची बंद पुडी न फोडता जवळ ठेवावी. होसूर येईतो ती टम्म फुगलेली दिसेल. परतीच्या वाटेवर बंगळुरात झाकण घट्ट लावलेली रिकामी प्लॅस्टिकची बाटली चेन्नईत चेपलेली आढळेल. हवेलाही वजन असते, हे मग मुलांना निराळे सांगावे लागत नाही.

शेवटचा खेळ नद्यांचा. प्रत्येक पुलावर एकच प्रश्न विचारावा: हे पाणी कोणत्या समुद्रास मिळणार? वेल्लोरच्या परिसरातील पालार बंगालच्या उपसागराकडे जाते, हे सहज पटते. हरिहरजवळची तुंगभद्रा आली की मुले विचारात पडतात. कोल्हापूरची पंचगंगा आणि कऱ्हाडची कोयना येताच बहुतेक मुले ‘अरबी समुद्र’ असे ठासून सांगतील, कारण तो तेथून अगदी जवळ आहे. परंतु सह्याद्रीची भिंत मध्ये उभी आहे आणि पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. तुंगभद्रा, पंचगंगा व कोयना या तिन्ही कृष्णेस मिळतात आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास. प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी चेन्नईच्या किनाऱ्यावर ज्या समुद्रात मुलांनी पाय भिजविले, त्याच्याकडेच कऱ्हाडच्या पुलाखालचे पाणी निघालेले असते.