संगीतशिक्षण, बालकांचे

साधारणपणे सहा ते पंधरा वर्षे वयाच्या मुलामुलींना गायन-वादनाचे क्रमबद्ध शिक्षण देणे आणि श्रोत्यांसमोर कला सादर करण्यास त्यांना समर्थ करणे, यास स्थूलमानाने बालसंगीतशिक्षण म्हणता येईल. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रात रूढ असलेल्या हिंदुस्थानी कंठसंगीताच्या प्रारंभिक शिक्षणाचा व विद्यार्थ्यांच्या जाहीर गायनाच्या पूर्वतयारीचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी : घराण्यांच्या परंपरेत बालकांसाठी वेगळा अभ्यासक्रम नव्हता. शिष्य गुरुगृही राहून प्रथम ऐके, नंतर अनुकरण करी आणि मैफलीत गुरूच्या मागे बसून तंबोरा छेडी. गुरूने खूण करताच एखादा स्वर भरणे किंवा मुखडा उचलणे, ही त्याची रंगमंचावरील पहिली पायरी असे. त्यामुळे शिक्षण व सादरीकरण यांत अंतर पडत नसे. मात्र हे शिक्षण मोजक्यांनाच मिळे व त्यास दीर्घकाळ लागे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्गशिक्षणास आरंभ झाला. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज स्थापन झाला. बडोदे येथे सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने मौलाबक्ष (१८३३–९६) यांनी १८८६ मध्ये गायनशाळा चालू केली. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि पुढे १९०८ मध्ये मुंबईत त्याची शाखा काढली. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांमुळे बंदिशींचा मोठा संग्रह स्वरलिपीबद्ध स्वरूपात उपलब्ध झाला. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या (स्थापना १९३१) प्रारंभिक ते अलंकार या परीक्षांनी अभ्यासास निश्चित टप्पे दिले. मध्यमवर्गीय घरांतील मुलांना, विशेषतः मुलींना, संगीत शिकण्याचा मार्ग या प्रयत्नांनी प्रशस्त झाला. तथापि आठवड्यातील एकदोन तासांचा वर्ग, लिखित स्वरलिपी आणि परीक्षेची तारीख यांमुळे श्रवणाचे प्रमाण घटले, हेही तितकेच खरे.

प्रारंभिक पाठ : बालकाच्या शिक्षणात कान आधी, कंठ नंतर व वही शेवटी, हा क्रम हितावह ठरतो. आरंभी तंबोऱ्याच्या नादात षड्ज स्थिर लावणे, तो आकारात टिकवणे आणि पंचम व तार षड्ज ओळखणे, एवढेच साधावे. त्यानंतर शुद्ध स्वरांचे सोपे अलंकार घेतले जातात. तालाचे शिक्षण हातावर टाळी व खाली दाखवून द्यावे. आठ मात्रांचा केरवा व सहा मात्रांचा दादरा मुलांना लवकर कळतो व त्यानंतर सोळा मात्रांचा त्रिताल घेता येतो. भूप, दुर्गा, काफी, खमाज यांसारख्या रागांतील सरगमगीते व छोटे ख्याल प्रथम शिकवले जातात. भूपात मध्यम व निषाद वर्ज्य असल्याने पाचच स्वर सांभाळावे लागतात. बंदीश शिक्षकाने गाऊन दाखवावी, मुलांनी ओळीने म्हणावी आणि ती तोंडपाठ झाल्यावरच स्वरलिपीत लिहून घ्यावी. आधी लिहून मग गाणारे मूल अक्षरे वाचते, त्यास स्वर ऐकू येत नाही.

संवादिनीचा सततचा आधार हाही असाच घातक ठरतो. पट्टीचा स्वर तयार मिळाल्याने मूल तो शोधीत नाही व साथ थांबताच सुरावरून ढळते. म्हणून रोजच्या सरावाचा निदान काही भाग केवळ तंबोऱ्यावर व्हावा. अलीकडे इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यामुळे हे घरोघरी शक्य झाले आहे.

आवाज व वय : लहान मुले व मुली यांच्या आवाजाची उंची जवळपास सारखी असून त्यांना बहुधा काळी चार ते काळी पाच ही पट्टी सोयीची पडते. समूहवर्गात पुरुष शिक्षक स्वतःच्या काळी एकमध्ये शिकवू लागल्यास मुलांचा मंद्र सप्तक ऐकू येईनासा होतो किंवा तार सप्तकात त्यांना ओरडावे लागते; दोन्ही गोष्टी कंठास अपायकारक आहेत. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलग्यांच्या स्वरतंतूंची लांबी व जाडी वाढून आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. यासच आवाज फुटणे म्हणतात. या काळात तार स्वरांचा आग्रह सोडून उतरलेल्या पट्टीत हळू गाणे, तालाचा अभ्यास व श्रवण यांवर भर द्यावा लागतो. हे न सांगितल्यास आपला गळा गेला, अशी समजूत होऊन चांगली मुलेही गाणे सोडतात. मुलींच्या आवाजातही बदल होतो, परंतु तो सौम्य असतो.

जाहीर गायनाची पूर्वतयारी : आषाढी पौर्णिमेस, म्हणजे गुरुपौर्णिमेस, होणारा विद्यार्थ्यांचा कार्यक्रम हा संगीतवर्गांचा वार्षिक सोहळा होय. त्यासाठी नवी व अवघड चीज निवडण्याऐवजी काही महिने मुरलेली बंदीश निवडणे इष्ट असते. आठदहा मिनिटांच्या गायनात थोडी आलापी, स्थायी-अंतरा, मोजक्या ताना व शेवटी एखादे भजन पुरेसे होते. ताना पाठ करून घेण्यापेक्षा दोन-तीन ताना मुलाने स्वतः रचाव्यात.

तबल्याबरोबरचा सराव कार्यक्रमाच्या आदल्या दिवसावर ठेवू नये. त्रितालातील पुष्कळ छोट्या ख्यालांचा मुखडा नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून, उठतो. ती जागा ठेक्यातून ओळखण्यास सवय लागते. चुकल्यावर काय करावे, हेही शिकवावे लागते : थांबू नये, शिक्षकाकडे पाहू नये, ठेका ऐकावा आणि पुढच्या आवर्तनात मुखडा धरून समेवर यावे. हा सराव मुद्दाम मध्येच गाणे थांबवून करून घेता येतो. बैठक, ध्वनिक्षेपकापासूनचे अंतर व तंबोरा जुळेपर्यंत शांत बसणे यांचीही पूर्वकल्पना द्यावी. प्रथम वर्गातील सोबत्यांसमोर, मग पालकांसमोर व त्यानंतर सभागृहात, अशा पायऱ्यांनी भीती ओसरते. समूहगायनातून द्वंद्वगायनाकडे व तेथून एकल गायनाकडे जाणे, हा जुन्या मागे बसण्याच्या पद्धतीचाच आधुनिक पर्याय होय.

बालकलावंत व मर्यादा : कुमार गंधर्व (१९२४–९२) बालपणीच थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन श्रोत्यांस थक्क करीत, परंतु त्यानंतर त्यांनी मुंबईत बी. आर. देवधर (१९०१–९०) यांच्याकडे कित्येक वर्षे विद्याभ्यास केला. द. वि. पलुस्कर (१९२१–५५) यांनी १९३५ मध्ये जालंदरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात गायन केले, तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. त्यांचेही शिक्षण पुढे चालूच राहिले. अशा उदाहरणांतील यश पुष्कळदा लक्षात राहते, त्यामागील शिक्षण मात्र विसरले जाते. दूरचित्रवाणीवरील स्पर्धांमुळे मुलांवर प्रौढ गीते प्रौढ ढंगात गाण्याचा ताण वाढला आहे. २०२० नंतर आंतरजालावरून शिकवण्याची पद्धत रूढ झाली व परदेशस्थ मराठी कुटुंबांतील मुलांची तीमुळे सोय झाली. तथापि ध्वनी पोहोचण्यातील विलंबामुळे गुरुशिष्यांना एकत्र गाता येत नाही, ही तिची मर्यादा आहे.

शिकलेल्यातून कार्यक्रम निघावा, कार्यक्रमापुरते शिक्षण नसावे, हे या विषयातील मुख्य पथ्य होय. टाळ्या मिळवणाऱ्या सर्वच मुलांतून गायक निर्माण होत नाहीत. परंतु ज्यांना षड्ज ऐकू येतो व समेची चाहूल लागते, असे श्रोते त्यांतून निश्चित घडतात, आणि संगीताची परंपरा गायकांइतकीच अशा श्रोत्यांवर अवलंबून असते.