बत्तीस रुपये साऱ्याचे मत

१९२३ साली निपाणीच्या बाजारात तंबाखू घेऊन आलेल्या दोन शेतकऱ्यांची गाठ पडली असेल, तर त्यांच्यात वेगळे काय होते? एक चिकोडी तालुक्यातला, दुसरा कागलकडचा. बोली तीच, पीक तेच, एकमेकांच्या गावात सोयरिकी. पण चिकोडीवाल्याच्या जमिनीचा सारा पुरेसा असेल तर मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलसाठी त्याला मत होते. कागलची जमीन कितीही मोठी असली तरी तिच्या जोरावर मत मिळत नसे, कारण कागल कोल्हापूर संस्थानात. बेळगाव शहरात तर ही रेघ आणखी जवळून गेली होती. शहराला लागूनच असलेले शहापूर सांगली संस्थानचे. बेळगावातले घरभाडे मतदार ठरवताना धरले जाई, शहापुरातले नाही.

सीमाभागावर लिहिताना आपली लेखणी १९५६पासून सुरू होते. माझ्या मते ती बरीच मागे न्यायला हवी. इथल्या माणसाला राज्यकारभारात कोणी मोजले आणि कोणत्या मापाने मोजले, हा प्रश्न भाषावार प्रांतरचनेपेक्षा खूप जुना आहे, आणि सीमाप्रश्नाची दुखरी नसही तिथेच आहे.

१८६१च्या कायद्याने मुंबईत कायदे कौन्सिल आले. गव्हर्नरने नेमलेले चार ते आठ जादा सभासद, त्यांतले निम्मे बिनसरकारी. १८६२च्या पहिल्या नेमणुकांत जगन्नाथ शंकरशेट होते, सरदार विंचूरकर होते, आणि आपल्या दक्षिणेकडून सावनूरचे नवाब होते. सावनूरच्या रयतेने त्यांना पाठवले नव्हते, धारवाड-बेळगावच्याही नाही. सभासदांना प्रश्न विचारता येत नसत, अंदाजपत्रकाला हात लावता येत नसे. समोर ठेवलेल्या विधेयकावर बोलायचे, हात वर करायचा आणि घरी जायचे.

१८९२च्या कायद्याने सभासद वाढले, प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली. अंदाजपत्रकावर मत मात्र नाही. ‘निवडणूक’ हा शब्दही कायद्यात जपून टाळला होता. नगरपालिका, लोकल बोर्डे, विद्यापीठ, सरदार अशा मंडळींनी नावाची शिफारस करायची आणि सरकारने नेमणूक करायची. तरी लोक तिला निवडणूकच म्हणत. टिळक १८९५ साली मध्य भागाच्या लोकल बोर्डांतर्फे कौन्सिलात गेले. बेळगाव मात्र दक्षिण भागात पडे. धारवाड, विजापूर, कारवार, रत्नागिरी आणि कुलाबा हे जिल्हे त्याच भागात, आणि त्याच्या कमिशनरची कचेरी बेळगावात. कोकणी, कानडी आणि मराठी मुलूख एका प्रशासकीय गाठोड्यात बांधलेला होता. त्या काळच्या या सोयीने इथल्या पुढाऱ्यांना दोन्ही भाषांत राजकारण करायला शिकवले, हे तिचे उपकार मी मानतो.

कौन्सिलात मत असून ते किती पोकळ होते, हे १९०१ साली दिसले. दुष्काळाने पिचलेल्या शेतकऱ्याच्या जमिनीवरचा हस्तांतराचा हक्क आवळणारे जमीन महसूल दुरुस्ती विधेयक सरकारने आणले. फिरोजशहा मेहता, गोखले आणि त्यांचे सोबती सभात्याग करून बाहेर पडले. बहुमत सरकारचे होते, विधेयक मंजूर झाले. १९०९च्या सुधारणांनी बिनसरकारी सभासदांचे बहुमत आले, ठराव मांडता येऊ लागले, पूरक प्रश्न आले, मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. सामान्य रयत अजूनही दाराबाहेर. १९१६च्या एप्रिलमध्ये बेळगावच्या प्रांतिक परिषदेच्या वेळी टिळकांनी होमरूल लीग स्थापली, ती या पार्श्वभूमीवर. अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर.

खरा बदल १९१९च्या कायद्याने झाला. कौन्सिलात निवडून आलेल्यांचे बहुमत, थेट मतदान, आणि खर्चाच्या बऱ्याच मागण्यांवर सभासदांचे मत. पहिले अध्यक्ष सर नारायण चंदावरकर होनावरचे, म्हणजे दक्षिण भागातलेच. मतदार कोण? खेड्यात बहुतेक जिल्ह्यांत बत्तीस रुपये साऱ्याची जमीन असलेला. रत्नागिरी आणि पंचमहालांत हे माप सोळा रुपयांचे. शहरात ठरावीक घरभाडे किंवा प्राप्तिकर भरणारा. शिवाय लष्करातून निवृत्त झालेला पेन्शनर.

बत्तीस रुपये हे माप आज लहान वाटते, पण त्याने गावाचे काय केले ते पाहावे. सारा जमिनीच्या पोतावर ठरे. काळ्या रानाचा मध्यम शेतकरी यादीत बसे, आणि खानापूरकडच्या माळरानावर किंवा डोंगरउतारावर दुप्पट राबणारा तिच्याबाहेर राही. भावाभावांत वाटणी झाली आणि सारा विभागला, की बापाचे मत मुलांपैकी एकाच्याही वाट्याला न येण्याची पाळी. बलुतेदार, शेतमजूर, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका यांचा तर प्रश्नच नव्हता. मुंबई कौन्सिलने १९२१ साली स्त्रियांवरची बंदी उठवली हे खरे, पण जमीन किंवा घर स्वतःच्या नावावर असलेल्या स्त्रिया होत्या किती? मराठे आणि तत्सम जातींना सात राखीव जागा मिळाल्या. ब्राह्मणेतर चळवळ या कौन्सिलात शिरली, धारवाडचे सिद्दप्पा कंबळी पुढे मंत्री झाले. अस्पृश्यांना मात्र निवडणुकीची एकही जागा नव्हती, त्यांचा माणूस सरकार नेमी.

या काळात बेळगाव जिल्ह्यात चार महिन्यांच्या अंतराने दोन सभा झाल्या. त्या एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

पहिली डिसेंबर १९२४ची काँग्रेस. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन बेळगावात भरले, गंगाधरराव देशपांड्यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. त्यासाठी खोदलेली विहीर टिळकवाडीत आजही काँग्रेस विहीर म्हणून दाखवतात. आपण सारे अध्यक्षपदाचे गोडवे गातो. तिथला निर्णय मात्र सभासदत्वाचा होता. कायदेमंडळात जावे की नाही यावरून काँग्रेस फुटायच्या बेतात होती. स्वराज्य पक्षाने काँग्रेसच्या वतीने कायदेमंडळांत काम करावे, ही तडजोड बेळगावने मान्य केली. आणि त्याच अधिवेशनाने काँग्रेसच्या सभासदत्वासाठी चार आण्यांच्या जागी महिन्याला दोन हजार वार सूत ठरवले. स्वतः कातायचे, न जमल्यास दुसऱ्याने कातलेले आणून द्यायचे. सरकार माणसाला साऱ्याने मोजत होते, गांधीजींना त्याला श्रमाने मोजायचे होते. मला हा प्रयत्न मनापासून मोठा वाटतो, कारण चरखा भूमिहीनालाही चालवता येतो. पण विकतचे सूत चालेल म्हटल्यावर पैसेवाल्याला वाट मोकळी झाली, आणि वर्षभरातच ही अट सैल करावी लागली.

दुसरी सभा एप्रिल १९२५ची, निपाणीची. मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३मध्ये कौन्सिलात मंजूर झाला होता, पण विहिरीवरचा पहारा उठला नव्हता. ज्यांच्या हक्काचा ठराव झाला त्यांच्या हाती मत नसेल, तर नगरपालिका आणि लोकल बोर्डे तो कशाला अमलात आणतील? बाबासाहेबांनी १९१९ साली मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे प्रतिनिधित्व मागितले होते. कौन्सिलचे नेमलेले सभासद झाल्यावर सायमन कमिशनच्या वेळी त्यांनी प्रौढ मतदानाचा आग्रह धरला. १९२९च्या आपल्या स्वतंत्र अहवालात त्यांनी कर्नाटक मुंबई इलाख्यातून तोडण्यालाही विरोध केला. सीमाभागात या अहवालाची आठवण क्वचितच निघते, ही खंत वाटते.

१९३५च्या कायद्याने विधानसभेच्या १७५ जागा केल्या. त्यांत अनुसूचित जातींना पंधरा, मराठ्यांना सात, स्त्रियांना सहा, मजुरांना सात. साऱ्याची अट आठ रुपयांवर आली, शिकलेल्यांना आणि अनेक मतदारांच्या बायकांनाही यादीत जागा मिळाली. मुंबईत एक गोष्ट खास होती. एका मतदारसंघातून अनेक आमदार निवडायचे, मतदाराला जागा तितकी मते, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मोकळीक. राखीव जागेवर चारांहून अधिक उमेदवार असतील, तर पुणे कराराप्रमाणे आधी अस्पृश्य मतदारांनी चार निवडायचे. थोड्या मतांनाही एकवटून वजन येण्याची सोय या पद्धतीत होती. १९३७ साली बेळगाव जिल्ह्यातून बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे बळवंतराव वराळे निवडून आले. धारवाडला बाबासाहेबांनी काढलेले वसतिगृह सांभाळणारे, पुढे ‘डॉ. आंबेडकरांचा सांगाती’ लिहिणारे, ते हेच. त्याच वर्षी बेळगावात वकिली केलेले अण्णासाहेब लठ्ठे खेर मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. नेमलेल्या नवाबापासून निवडलेल्या वसतिगृह अधीक्षकापर्यंत पंचाहत्तर वर्षांची ही वाट आहे.

१९५२ला सारा, भाडे, शिक्षण सगळे गळून पडले. वखारीतल्या बाईलाही जमीनदाराइतकेच एक मत मिळाले. आणि चारच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ला, चंदगड वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. ज्यांना नुकतेच मत मिळाले होते त्यांना या बाबतीत थेट कोणी विचारले नाही. मे १९४६मध्ये बेळगावच्याच साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राची मागणी पुढे आली होती. १९५६नंतर सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार इथल्या मराठी मतदारांनी पुन्हा पुन्हा निवडून दिले. मत मांडायला त्यांच्यापाशी तोच एक मार्ग उरला होता. कानडी शेजाऱ्यांनीही आपले मत त्याच पेटीत टाकले आणि त्याचाही मान ठेवायला हवा.

सीमा ठरवताना महाराष्ट्राने खेडे हा घटक, सलगता आणि भाषिक बहुसंख्येबरोबर लोकेच्छेचे तत्त्व धरले, ते याचसाठी. सीमाप्रश्नासाठी सेनापती बापटांनी केलेल्या उपोषणानंतर १९६६ला महाजन आयोग नेमला गेला. त्याने निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यायची शिफारस केली आणि बेळगाव शहर कर्नाटकात ठेवले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, आणि शिफारशीतली निपाणीही आहे तिथेच राहिली. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. नकाशे, जनगणना आणि कायद्याची कलमे यांवर तिथे युक्तिवाद होतील. शहापूरच्या किंवा निपाणीच्या मतदाराला कोणत्या राज्यात राहायचे आहे, हे विचारणारी मतपत्रिका मात्र १८६२पासून आजवर कोणत्याही सरकारने छापलेली नाही.